वर्गणी गणपतीत जमवा, पण वापरा मे महिन्यात

पत्र असं आलंय :

"ताई नमस्कार, मी मूळचा देवगड तालुक्यातला, किनाऱ्यावरचं गाव, राहायला डोंबिवलीला. आमच्या वाडीचं मुंबई मंडळ आहे. दरवर्षी वर्गणी काढून गणपतीत गावच्या शाळेत गरीब मुलांना वह्या-दप्तरं वाटतो, दहावीला चांगले मार्क पडले त्यांना पाकीट देतो. यंदा साधारण दीड लाख जमले. एका मुलीचं नाव पुकारलं, ८९ टक्के आहेत तिला, वडील ट्रॉलरवर खलाशी. ती जाग्यावरून उठलीच नाही. नंतर तिची आई एवढंच बोलली, 'आमका फोटो नको आणि पाकीट पण नको.' आमचे अध्यक्ष आप्पा भडकले, माज आलाय म्हणाले, आम्ही चिमणीच्या उजेडात शिकलो, मैलोनमैल चालत गेलो, आम्हाला कोणी दिलं होतं का. आता काही जण म्हणतात पुढच्या वर्षीपासून बंदच करू. मला बंद करावंसं वाटत नाही पण मग दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. वह्या तर लागतातच ना? - एक चाकरमानी"

दादा, आधी त्या मुलीचं बोलू, मग पैशाचं.

तिला माज वगैरे काही आलेला नाही. सोळा वर्षांची मुलगी, समोर तिच्याच वर्गातली पोरं बसलेली, माईकवरून पुकारा होतोय 'आपल्या गावातील गरीब व होतकरू विद्यार्थिनी', आणि तिने पुढे यायचं, अध्यक्षांच्या पाया पडायचं, पाकिटाचं एक टोक तिने धरायचं नि दुसरं पाचजणांनी धरायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. तो फोटो मग मंडळाच्या ग्रुपवर जाणार, तिथे तिचा विरारचा काका आहे, कांदिवलीची आत्या आहे, उद्या स्थळ बघायला येणाऱ्यांचे कोणी ना कोणी असणारच, आणि फेसबुकवर टाकलात तर तो कायमचा. ८९ टक्के तिने स्वतः मिळवलेत, पण पुकारा झाला तो गरिबीचा. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला पत्रावरूनच कळतंय, तरी तिथे बसलेल्या माणसाला तसंच ऐकू येतं. आणि तिची आई भांडली नाही, नको एवढंच म्हणाली, मला तर यात उलट शहाणपण दिसतं.

आता वह्या. लागतातच ना, असं विचारलंत, तर खरं सांगू का, वह्या सगळ्यात कमी लागतात. पहिली ते आठवी पाठ्यपुस्तकं सरकारकडून फुकट येतात, गणवेशाचं पण बघितलं जातं, राहिल्या वह्या. त्या शाळा सुरू होताना जूनमध्ये लागतात, तुम्ही देता भाद्रपदात. तोपर्यंत पोरांच्या आयांनी बाजारातून उधारीवर आणून वापरायला सुरुवात पण केलेली असते. शिवाय वह्या वाटणारे तुम्ही एकटे नाही, एखादी पतपेढी वाटते, एखादा पुढारी वाटतो (मागच्या कव्हरवर त्याचा हात जोडलेला फोटो), शेजारच्या वाडीचं मंडळ वाटतं, मुंबईच्या कुठल्या कंपनीची माणसं गाडी घेऊन येतात आणि खाऊपण देतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरात कपाटावर कोऱ्या वह्यांचे गठ्ठे असतात आणि त्याच घरात बारावीचा मोठा भाऊ सीईटीचा फॉर्म भरायला पैसे कोणाकडे मागू म्हणून गप्प बसलेला असतो. त्याला कोणी काही वाटत नाही, कारण तो शाळेच्या पटांगणात रांगेत उभा राहात नाही आणि फोटोत गोंडस पण दिसत नाही.

आपल्याकडे पोरं पास होत नाहीत हा प्रॉब्लेमच नाहीये. कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला, दहावीचा २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. आपण तेवढ्यावर खूश होतो, पेपरात हेडिंग येतं, कोकणाने बाजी मारली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यात ती बाजी मारलेली पोरं कुठे जातात ते कोणी बघायला जात नाही. गळती तिथे आहे. सायन्सला जायचं होतं पण तालुक्याला जाण्यायेण्याचं जमत नाही म्हणून जवळ जे होतं ते घेतलं, पॉलिटेक्निकला नंबर लागला पण वेळेत पैसे भरले नाहीत म्हणून सीट गेली, आयटीआयला जागा मिळाली पण हॉस्टेल नाही, मग मुंबईला मामाकडे आणि तिथे कुठेतरी पॅकिंगला. वाईट काही झालं नाही असं सगळेच म्हणतात, कामाला लागला ना.

आणि हे सगळं नेमकं कधी होतं ते बघा. ट्रॉलर जून आणि जुलैमध्ये बंद, पावसाळी मासेमारी बंदी, नौका ओढून वर काढलेल्या, खलाशाच्या हातात त्या दोन महिन्यात काही नाही, मालकाकडून उचल घेतली तर तीच, आणि ती पुढच्या सीझनमध्ये कापली जाणार. बागेत कामाला जाणाऱ्यांचं आंब्याचं काम मेअखेर संपलेलं, काजू त्याच्या आधीच, नंतर लावणीची मजुरी मिळते पण त्यात घर चालतं, फी निघत नाही. म्हणजे वर्षात घर सगळ्यात कोरडं असतं तेव्हाच अकरावीचा प्रवेश, डिप्लोमाच्या फेऱ्या, सीईटीनंतरच्या फेऱ्या, हॉस्टेलचं डिपॉझिट, दाखले, झेरॉक्सा, सगळं येऊन पडतं. त्यात २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन, म्हणजे गावातच कॉलेज असलं तरी पोर्टलवर फॉर्म, आणि आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते नि रेंज शोधायला सड्यावर जावं लागतं हे पोर्टलला कोण सांगणार. तुमचं पाकीट येतं सप्टेंबरात. तोपर्यंत जहाज गेलेलं असतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की वर्गणी गणपतीतच जमवा, तेव्हाच माणसं भेटतात नि तेव्हाच खिसे सैल असतात, पण खर्च करू नका. बँकेत ठेवा आणि मे ते जुलैमध्ये वापरा. मे महिन्यात तुम्ही निम्मे लोक तसेही गावात असता, आंबे खायला आणि लग्नांना. त्यातले चार दिवस काढा.

चार दिवसात काय करायचं? दाखले. हसू नका, गावातलं शिक्षण पैशापेक्षा कागदावर जास्त अडतं हे मी किती घरात बघितलंय. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, नवीन काढावा लागतो. नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल, जातीचा दाखला, आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात पडताळणी, त्याला आजोबा-पणजोबांची कागदपत्रं लागतात, शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा लागतो. आणि इथे चाकरमान्यांच्या घरांचा खास गोंधळ असतो, रेशनकार्ड गावी आजोबांच्या नावावर, वडिलांचं आधार मुंबईच्या पत्त्यावर, शाळेच्या दाखल्यात नाव पांडू आणि आधारवर पांडुरंग, आईचं नाव एकीकडे माहेरचं. सेतूतला मुलगा म्हणतो हे आधी दुरुस्त करून आणा. त्या दुरुस्तीसाठी तहसीलला एक चक्कर, साहेब मीटिंगला, दुसरी चक्कर, मग जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला. एक चक्कर म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. तिसऱ्या चक्करला माणूस म्हणतो जाऊदे. सीट अशी जाते, बुद्धी कमी पडली म्हणून नाही.

आणि तुमच्या मंडळात रिटायर झालेले क्लार्क असतील, बेस्टमधले, महापालिकेतले, पोर्ट ट्रस्टमधले, ज्यांनी जन्मभर हेच केलंय, फाईल कुठल्या टेबलावर अडते नि कुठल्या शब्दात अर्ज केला की हलते हे त्यांना झोपेत कळतं. आप्पा पण त्यातलेच असले तर फारच उत्तम. त्यांना माईकवरून उतरवून घरी बसवू नका, भांडण होईल आणि मंडळ फुटेल, आपल्याकडे मंडळं फुटायला एवढंही लागत नाही. त्यांना सांगा की आप्पा, दाखल्यांचं काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. हे खोटं पण नाही.

आप्पांच्या 'आम्ही चालत शिकलो' बद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण हे वाक्य प्रत्येक मंडळात असतं. मुरूडच्या, म्हणजे दापोलीजवळच्या मुरूडच्या, धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सगळ्यांना माहितीय, परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. हे आपण शाळेत छाती फुगवून सांगतो. पुढचं सांगत नाही, की तिथे पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. सगळी पायपीट फुकट गेली. म्हणजे कागदाचं नि साहेबाचं लफडं तेव्हापासूनच आहे. आणि याच माणसाने पुढे मुंबईत असताना गावच्या कामांसाठी 'मुरूड फंड' चालवला, कमावत्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतला थोडा वाटा गावाला द्यायचा. आम्ही चाललो म्हणून तुम्हीपण चाला, असं काही ते म्हणाले नाहीत. आप्पांना ही गोष्ट माझ्या नावावर सांगा, चालेल मला.

आता पैसे कुणाला द्यायचे हा अवघड भाग. अर्ज मागवू नका. 'मी गरीब आहे' असं ज्याला लिहावं लागेल असा कुठलाच कागद नको. गावात कोणाला गरज आहे हे शाळेतल्या बाईंना माहिती असतं, अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, पोस्टमनला माहिती असतं. तिघांचा एक छोटा गट करा, दोन गावातले नि एक मुंबईचा, त्यात एक तरी बाई पाहिजे, कारण आया बायकांशीच बोलतात आणि मुलीला हॉस्टेलला टाकायचं की नाही हा निर्णय बऱ्याचदा आईच फिरवते. या गटानेच जाऊन विचारायचं, ते पण नेहमीचं कोणाच्या घरी जातो तसं. मार्कांची अट ठेवू नका. ८९ वाल्या मुलीला कोणी ना कोणी विचारतंच, ५२ टक्केवाल्या मुलाला वायरमनचा ट्रेड मिळाला तर त्याचं घर उभं राहील, पण त्याच्या नावाने कोण टाळ्या वाजवणार.

आणि दादा, एक जरा बोचेल असं विचारते. मंडळ तुमच्या वाडीचं आहे, शाळा मात्र अख्ख्या गावाची. तुमची मदत बौद्धवाडीत जाते का? धनगरवाडीत? बागेत राखणीला जे नेपाळी कुटुंब राहतं त्यांची पोरं तुमच्याच शाळेत मराठीतून शिकतायत, त्यांचं नाव यादीत असतं का? रायगडकडच्या वाचकांसाठी सांगते, तिकडे कातकरी कुटुंबं पाऊस संपला की वीटभट्टीवर जातात ती थेट मे महिन्यात परततात, पोरं पटावर असतात पण वर्गात नसतात, त्यांना वही देऊन काय होणार, तिथे आजी-आजोबांजवळ पोरं मागे ठेवता येतील एवढी जेवणाची सोय केली तरच काहीतरी. वाडीच्या पैशातून बाहेर द्यायचं की नाही यावर मीटिंगला आवाज चढतील, मला माहितीय. निदान दाखल्यांचे चार दिवस तरी सगळ्या गावाला खुले ठेवा, त्याला वर्गणी लागत नाही.

पैसे द्यायचे कसे, तर घरच्यांच्या हातात रोकड देण्यापेक्षा कॉलेजला किंवा हॉस्टेलला थेट भरा आणि पावती घ्या. पण सगळंच असं जमत नाही, खाणावळीचे, प्रवासाचे द्यावेच लागतात, तिथे आईच्या खात्यावर टाका. एसटीचं म्हणाल तर मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे, मुलग्यांना एक तृतीयांश भाड्यात, पण पास असून गाडी वेळेवर लागते असं कुठेय, संध्याकाळची गाडी चुकली की वडापवाल्याला द्यावे लागतात, आणि फाट्यावरून घरापर्यंत काळोखात चालत यायला लागतं म्हणून मुलीचं कॉलेज बंद झाल्याची उदाहरणं तुमच्या आसपास पण असतील. अशा ठिकाणी तीन-चार मुलींमध्ये मिळून एक ओळखीची रिक्षा महिन्यावर लावून दिली तर काम होतं. हा खर्च कुठल्याच सरकारी योजनेत बसत नाही, तो मंडळानेच करावा असा आहे.

सरकारी योजना आहेत, बऱ्याच आहेत, पण पैसे मागून येतात, हा त्यांचा घोळ. महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरची, शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यात पडेपर्यंत वर्ष संपत येतं, कॉलेजला मात्र ॲडमिशनच्या दिवशी काहीतरी हवंच असतं. तर मंडळाने तेवढ्यापुरते पैसे द्यावेत, बिनव्याजी, शिष्यवृत्ती आली की परत करा असं सांगून, आणि नाही आली तर मागे लागू नका. दीड लाखात असे कितीजण निघतात बघा, आणि त्यातले काही पैसे फिरून परत येतात, वह्यांचे येत नाहीत. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, ॲडमिशन पाहिजे. हे अजून कित्येक घरात माहीतच नाही. पण फी माफ म्हणजे राहणं-खाणं माफ नाही, आणि गावच्या मुलीचा खरा खर्च तोच. आठवीतल्या पोरांना एनएमएमएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या, परीक्षेला बसवा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, फक्त दरवर्षी रिन्यू करावं लागतं आणि तिथेच ते राहून जातं, त्यासाठी कोणीतरी तारीख लक्षात ठेवणारा पाहिजे. आणि ज्या घरात बाप गेलाय, दर्यात म्हणा की दारूने म्हणा, त्या घरातल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे. गावात अशी एक-दोन घरं असतातच आणि त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

पैशाहून मोठी एक गोष्ट तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही लोकांनी मोजलेलीच नाही, मुंबईतली जागा. पूर्वी गिरणगावात गावकीची खोली असायची, गावाहून आलेला माणूस आधी तिथेच ट्रंक टेकवायचा, पाळीपाळीने झोपायचे पण रस्त्यावर कोणी राहायचं नाही. निम्म्या मंडळांचा जन्मच त्या खोल्यांत झालाय. आता तुम्ही डोंबिवलीला, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी पनवेलला, वन बीएचके का असेना. गावातल्या मुलीला काउन्सेलिंगसाठी, भरतीच्या परीक्षेसाठी, इंटरव्ह्यूसाठी चार रात्री राहायला घर पाहिजे असतं, स्टेशनवर घ्यायला माणूस पाहिजे असतो. कोणाच्या घरी बायका-माणसं आहेत, कोण ठेवून घेईल, अशी यादी मंडळाकडे असली तर त्या पोरांच्या आईबापाला केवढा धीर येतो. मात्र यात पण जबाबदारी आहे, मुलीला एकट्या पुरुषाकडे पाठवायचं नाही, घरच्यांचं आधी फोनवर बोलणं झालं पाहिजे, आणि पोरीला घरातली कामं करायला लावायची नाहीत. शेवटचं मुद्दाम लिहितेय.

हिशोबावरून बोंब होणारच. नावं जाहीर करायची नाहीत म्हटलं की कोणीतरी म्हणणार, मग पैसे खाल्ले कशावरून नाहीत? हा प्रश्न चुकीचा नाही, वर्गणी देणाऱ्याला तो विचारायचा हक्क आहे. तर वार्षिक सभेत असा हिशोब वाचा की इतक्या मुलांना ॲडमिशनसाठी, इतक्यांना हॉस्टेलसाठी, इतकी रक्कम, इतकी परत आली, इतकी शिल्लक. पावत्यांवर नावाच्या जागी नंबर, आणि नावं फक्त त्या तिघांना आणि ऑडिट करणाऱ्याला माहिती. शंका असेल त्याने एकट्याने येऊन ऑडिट करणाऱ्याला भेटावं. हे पहिल्या वर्षी जड जाईल, नंतर लोकांना सवय होते. आणि पैसे खजिनदाराच्या जीपेवर घेत असाल तर ते आधी बंद करा, माणूस कितीही देवमाणूस असला तरी, मंडळाच्या नावाचं खातं पाहिजे. मंडळ रजिस्टर नसेल तर अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेशोत्सव मंडळं घेतात तीच. देणगीवर करसवलत देणारी ८० जी मान्यता नसेल तर टॅक्समध्ये सूट मिळेल असं कोणाला सांगत सुटू नका, आणि असली तरी दोन हजारांच्या वर रोख दिलेल्याला ती मिळत नाही.

स्टेज बंद करा असं मी म्हणत नाहीये हं. गणपतीतला कार्यक्रम राहूदे, म्हाताऱ्या माणसांना त्यात आनंद आहे आणि पोरांनापण कौतुक हवं असतं. फक्त तिथे पाकीट नको. दहावी-बारावी पास झालेल्या सगळ्यांना बोलवा, श्रीमंताच्या पण आणि खलाशाच्या पण, एक-एक गुलाब द्या, आप्पांना भाषण करू द्या, फोटो काढा, भजन लावा. त्यात गरीब कोण हे कोणालाच दिसत नाही. मदत वेगळी, कौतुक वेगळं. आणि मदत घेतलेल्या मुलाने पुढे मंडळात येऊन मनोगत सांगावं, नोकरी लागली की वर्गणी द्यावी, अशी अट नको, मनात पण नको. देईल तर देईल.

त्या मुलीकडे आता शिष्टमंडळ घेऊन माफी मागायला जाऊ नका, वाडीत चार माणसं कोणाच्या पडवीत चढली की शेजारच्या दहा घरांना कळतं. तुमच्या घरातल्या बाईमाणसाला, वहिनी असतील तर वहिनींना, मंदिराच्या वाटेवर नाहीतर बाजारात तिच्या आईशी सहज बोलू द्या, की झालं ते बरं नाही झालं, पुढे काही अडलं तर आम्हाला कळवा, कोणाला कळणार नाही. ती परत नको म्हणाली तर विषय तिथेच संपला, लोकांनी दिलेलं घ्यायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

अकरावी सायन्सला गेली असेल आणि जात पडताळणी लागू होत असेल तर एवढं मात्र तिच्यापर्यंत नक्की पोचवा की त्याचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ता अकरावीतच करता येतो, बारावीच्या निकालापर्यंत थांबू नकोस. आजोबांचा शाळेचा उतारा लागेल, तो शाळेतून काढून द्यायचं काम आप्पांना सांगा.